बर्डीच्या प्लेटमधली सातशे वर्षं

नागपुरात बर्डीच्या मेन रोडवरची दुकानं उघडायच्या आधीच पोह्यांच्या ठेल्यांभोवती गर्दी असते. गरम पोहे, त्यावर काळ्या चण्याची लालभडक तर्री, मूठभर शेव, बारीक चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड. हा नाश्ता पाच मिनिटांत संपतो, पण याचं वय किती असेल?

पोहे सुदाम्याच्या पुरचुंडीइतके जुने. चणाही आपल्या शेतात हजारो वर्षांपासून आहे. गंमत आहे ती तर्रीत! मिरची अमेरिका खंडातली. ती पोर्तुगीजांच्या काळात, सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. टमाटर आणि आलूही तिकडचेच. म्हणजे यादवांच्या राज्यातल्या माणसाला ही प्लेट दिली असती, तर त्यानं पोहे आणि चणे ओळखले असते आणि लाल तवंग बघून हात आखडता घेतला असता. त्याचा तिखटपणा मिऱ्याचा. आज मात्र याच जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. परकी म्हणून आलेली मिरची आता गावाचं नाव लावून फिरते!

पण हे सगळं आपल्याला कळतं कसं? सीताबर्डीच्या टेकडीवर नोव्हेंबर 1817 मध्ये आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज लढले, त्याचे कागद सापडतात. शिपायांच्या चुलीवर काय शिजत होतं, हे लिहायला कोण बसतो? अन्नाचा इतिहास टिकला तो बहुतेक अशा माणसांमुळे, ज्यांना हे काम कुणीही सांगितलं नव्हतं.

त्यातल्या पहिल्या माणसाचं काम आपल्या वऱ्हाडातच झालं. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभट त्यांच्या शिष्यांना गाठत फिरले, प्रत्येकाच्या आठवणी विचारून घेतल्या आणि रिद्धपूरला 1278 च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. हेतू धर्माचा होता, पण आठवण सांगणारा माणूस जेवणासकट सांगतो. त्यामुळे कोण कुणाकडे जेवलं, पानात काय वाढलं, हेही उतरलं. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या चरित्रात तर धिडऱ्यांचा एक सुरेख प्रसंग आहे. प्रभू धिडऱ्यांसाठी हटून बसतात. त्यांची शिष्या महदाइसा गोदाकाठची, तिला हा पदार्थ कोणता ते उमगत नाही, आणि ती करते ते प्रभूंना पटत नाही. शेवटी कळतं, की तो पदार्थ तिच्याकडेही होतो, फक्त वेगळ्या नावानं. तेराव्या शतकातल्या वऱ्हाडी स्वयंपाकघराचं दार इथं सहज किलकिलं होतं. पुढं धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत गेली, ती शिष्यांनी पाठांतरावरून पुन्हा उभी केली. नागपूरच्या वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेली प्रत 1978 मध्ये छापून आली.

दुसरा माणूस पुण्याचा. परशुराम कृष्ण गोडे हे भांडारकर संस्थेत हस्तलिखितांचे अभिरक्षक होते. दिवसभर पोथ्यांच्या सहवासात असलेल्या या गृहस्थांनी जिलेबीचा माग काढला! सतराव्या शतकातल्या रघुनाथ नवहस्तांच्या ‘भोजनकुतूहला’त त्यांना जिलेबीची कृती मिळाली, आणि त्याच्याही मागं, पंधराव्या शतकातल्या एका जैन ग्रंथात तिचा उल्लेख. एका पदार्थासाठी एक टिपण, अशी त्यांची पद्धत होती.

पोथी लिहिणाऱ्यांच्या पंगतीत ज्यांना पानच नव्हतं, त्यांच्या जेवणाचं काय? ती उणीव शाहू पाटोळे यांनी भरून काढली. त्यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 मध्ये आलं. मराठवाड्यातल्या दलित घरांतल्या चुली, उन्हात वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या, कुणाच्या वाट्याला काय यायचं आणि का, हे सगळं त्यात आहे. पाककृतीच्या पुस्तकात ‘चवीनुसार मीठ’ असतं. इथं जातीनुसार वाटा कसा ठरतो ते दिसतं.

शिष्य, पोथ्या सांभाळणारा आणि स्वतःच्या घराची चूल आठवणारा लेखक. तिघांनी मिळून एक गोष्ट सिद्ध केली: कुणीतरी विचारलं आणि टिपून ठेवलं, तरच स्वयंपाकघराचा इतिहास उरतो.

नागपूरकरांचं हे काम अजून बरंच बाकी आहे. सावजी रस्सा हळबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आला, एवढं सगळे सांगतात. पण कुठल्या घरात जवस किती पडायचं, मसाला पाट्यावर कोण वाटायचं, 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर पाळीवर जाणाऱ्याच्या डब्यात काय जायचं, हे त्या घरांतल्या म्हाताऱ्या बायांनाच ठाऊक. तेव्हा घरी आजी असेल तर आज संध्याकाळी वही घेऊन तिच्याजवळ बसा. कृती तर विचाराच, पण तेल कुठून यायचं, सणाला काय व्हायचं आणि उपाशीपोटी दिवस काढले तेव्हा काय खाल्लं, हेही विचारा. खाली तारीख आणि गावाचं नाव लिहायला विसरू नका.