लोखंडावर काचेची कल्हई



गळीत ऐन भरात असते, गव्हाणीपुढे गाड्यांची रांग लागलेली असते आणि नेमकी तेव्हाच बॉयलरची नळी फुटते. वाफ बंद, गाळप बंद. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटते आणि फटका आपल्यालाच बसतो. बगॅसच्या राखेत सिलिका, म्हणजे वाळूचाच अंश असतो. धुराबरोबर ती राख नळ्यांवर घासून लोखंड खाते. मग ‘नळीला एखादा लेप का देत नाही?’ असे कुणीही विचारील. अशाच एका लेपाची, काच-सिरॅमिकची, ही माहिती.

हा पदार्थ चुकीतून सापडला. १९५३ साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीचे शास्त्रज्ञ डोनाल्ड स्टूकी यांनी काचेचा तुकडा ६०० अंश सेल्सिअसवर तापत ठेवला. भट्टी बिघडून ९०० अंशांवर गेली. काच वितळून गेली असणार असे त्यांना वाटले. पाहतात तो पांढरी वडी! चिमट्यातून ती खाली पडली, तरी फुटली नाही. आपल्या पॅनमध्ये पाकाला दाणा धरतो, तसा काचेच्या पोटात बारीक दाणा धरला होता. हा दाणा तडा पुढे जाऊ देत नाही.

आता लेप कसा देतात? बंदुकीसारख्या यंत्रात विजेच्या ठिणगीतून आर्गॉनसारखा वायू सोडतात. तो १०,००० अंशांच्या वर तापतो. यालाच प्लाझ्मा म्हणतात. त्यात काचेची भुकटी सोडली की ती वितळून जोराने धातूवर आपटते, चपटी होते आणि क्षणात गोठते. धातू मात्र फारसा तापत नाही. पाक झटकन थंड केला तर दाणा धरत नाही, तसेच इथेही होते. म्हणून लेप नंतर पुन्हा तापवून दाणा धरवावा लागतो. लेपाची जाडी साधारण मिलिमीटरच्या काही दशांशांएवढीच असते.

हा लेप कठीण असतो; घासणे, उष्णता आणि आम्ल सोसतो. एक मीटर पोलाद १०० अंशांनी तापले तर सुमारे १.२ मिलिमीटर वाढते. लेप तेवढाच वाढला नाही तर टवके उडतात. काच-सिरॅमिकमध्ये घटकांचे प्रमाण बदलून ही वाढ धातूशी जुळवता येते. हा त्याचा मोठाच गुण.

पण दोषही सांगितले पाहिजेत. लेपात बारीक छिद्रे राहतात. ती बुजवली नाहीत तर आम्ल आत शिरते. घणाचे घाव तो सोसत नाही, म्हणून श्रेडरच्या हातोड्यांना तो कामाचा नाही. दाणा धरवण्याची उष्णता साध्या पोलादाला झेपेलच असेही नाही. आणि कल्हईवाला भांडे घासल्याशिवाय कथील लावत नाही. तसेच धातू आधी खरबरीत कण मारून स्वच्छ केला नाही, तर महागडा लेपही सुटून येतो.

तेव्हा कुणी लेप विकायला आले तर आपण चारच गोष्टी विचाराव्यात : पृष्ठभाग कसा साफ करणार? तापल्यावर लेप धातूइतका वाढतो का? छिद्रे कशाने बुजवणार? आणि दाणा धरवताना नळीचे पोलाद टिकेल का? उत्तरे पटली तरी सगळा बॉयलर एकदम देऊ नये. दोन-चार नळ्यांवर एक हंगाम लेप पाहावा, ओव्हरहॉलिंगच्या वेळी शेजारच्या साध्या नळ्यांशी जाडी मोजून ताडून पाहावी, मगच पैसा घालावा. पैसा सभासदांच्या घामाचा आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.