गंजत्या धातूवर फिरणारी सुई

गंजणाऱ्या धातूच्या पृष्ठभागावर दोन क्रिया एकाच वेळी, पण बहुधा वेगवेगळ्या जागी चालतात. धनाग्राच्या जागी धातू विरघळतो, ऋणाग्राच्या जागी पाण्यातला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन उचलतो. केंब्रिजचे यू. आर. एव्हान्स यांनी 1920च्या दशकात मिठाच्या पाण्याच्या थेंबात रंगदर्शक मिसळून हे डोळ्यांना दिसेल असे केले. थेंबाच्या मध्यभागी लोखंड विरघळत असल्यामुळे तिथे निळा रंग येतो आणि भरपूर ऑक्सिजन मिळणाऱ्या कडेला गुलाबी. रंगावरून जागा कळते, वेग मात्र कळत नाही. प्रयोगशाळेतला पोटेन्शिओस्टॅट वेग सांगतो, पण तो सगळ्या पट्टीचा मिळून. स्टेनलेस स्टीलच्या नळीला एकाच ठिकाणी भोक पडते आणि बाकीची नळी लखलखीत राहते. अशा वेळी सरासरी आकडा दिशाभूल करतो.

जागा आणि वेग एकत्र मोजण्याचा पहिला चांगला मार्ग जीवशास्त्रातून आला. पेशींभोवतीचे सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजण्यासाठी जॅफे आणि नुचिटेली यांनी 1974 मध्ये कंप पावणारा प्रोब वापरला. पुढे अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ह्यू आयझॅक्स यांनी तो धातूंच्या क्षरणाकडे वळवला. द्रावणातून प्रवाह कुठून निघतो आणि कुठे शिरतो हे त्यातून दिसू लागले. तो प्रवाह कोणता पदार्थ वाहून नेतो, हा प्रश्न तसाच राहिला.

रासायनिक ओळख मिळाली ती 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात. साउथ डकोटा विद्यापीठात रॉइस एंग्स्ट्रॉम यांनी 1986 मध्ये मोठ्या इलेक्ट्रोडलगतच्या विसरण-थरात सूक्ष्म इलेक्ट्रोड नेऊन मोजमापे घेतली. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात ॲलन बार्ड आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये या पद्धतीला नाव, सिद्धांत आणि यंत्र दिले: स्कॅनिंग इलेक्ट्रोकेमिकल मायक्रोस्कोप. काचेत बंद केलेल्या, साधारण 10 ते 25 मायक्रोमीटर जाडीच्या प्लॅटिनम तारेचे घासून सपाट केलेले टोक ही त्याची सुई. द्रावणात फेरोसीनमेथनॉलसारखा सहज इलेक्ट्रॉन देणारा-घेणारा पदार्थ, म्हणजे मध्यस्थ, मिसळतात. त्याची तीव्रता लिटरमागे एक मिलिमोल असेल, तर 25 मायक्रोमीटरच्या टोकावर पृष्ठभागापासून दूर असताना पावणेचार नॅनोअँपिअरच्या आसपास विद्युतधारा वाहते. टोक काचेसारख्या निष्क्रिय पृष्ठभागाजवळ नेले की मध्यस्थाची वाट अडते आणि धारा घटते. उघड्या धातूजवळ नेले तर धातू मध्यस्थाला पुन्हा मूळ रूपात आणतो आणि धारा वाढते. एकाच आकड्यातून उंचीही कळते आणि पृष्ठभागाचा स्वभावही. हीच या तंत्राची कमाल आणि हीच त्याची पहिली अडचण, कारण धारा बदलली ती खड्ड्यामुळे की क्रियाशीलतेमुळे, हे एका चित्रावरून नेहमी ठरवता येत नाही.

क्षरणाच्या अभ्यासात हे तंत्र लवकरच शिरले. 1993 मध्ये कॅसियास, शार्लबॉइस, स्मिर्ल आणि व्हाइट यांनी ब्रोमाइडच्या द्रावणातल्या टायटॅनियमवर सुई फिरवली. वरवर एकसंध दिसणाऱ्या ऑक्साइडच्या थरात काही ठिपके आधीपासूनच क्रियाशील असतात आणि खड्डे तिथेच पडतात, असे त्यांना आढळले. खड्डा पडण्यापूर्वी त्याची जागा दाखवता येणे ही मोठी गोष्ट होती. बार्ड यांच्याकडे काम केलेले डेव्हिड वाइफ आणखी पुढे गेले. नुसते पाहण्याऐवजी त्यांनी सुईच्या टोकाशीच क्लोराइड आयन तयार करून, ठरवलेल्या जागी लोखंडाचा संरक्षक थर मोडून दाखवला. स्टेनलेस स्टीलमध्ये संशय मँगनीज सल्फाइडच्या कणांवर होता. पाइक, व्हाइट आणि ॲल्कायर यांनी 2000 मध्ये आयोडाइड-ट्रायआयोडाइडची जोडी वापरून त्या कणांमधून विरघळून येणारी गंधकाची संयुगे टिपली.

या सगळ्या कामात एक खोट होती. मध्यस्थ हा स्वतःच ऑक्सिडीकारक किंवा क्षपणकारक असतो. तो पाण्यात घातला की गंजणाऱ्या धातूचा विभव सरकतो, कधी गंजाचा वेगही बदलतो. म्हणजे जे पाहायचे तेच पाहणाऱ्याच्या हस्तक्षेपाने बिघडायचे. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांतल्या बऱ्याच सुधारणांमागे हीच अस्वस्थता आहे.

2004 मध्ये टेनेरीफ बेटावरच्या ला लागुना विद्यापीठातले गोन्सालेस-गार्सिया, सौतो आणि सहकारी यांनी मध्यस्थ वगळला. गंजताना जे मुळातच असते किंवा तयार होते, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन आणि फेरस आयन, तेच टोकावर मोजायचे. केंब्रिजच्या बर्स्टाइन यांच्यासोबत त्यांनी याच मार्गाने, बाहेरून विभव न लावता, स्टेनलेस स्टीलवरचे अल्पजीवी खड्डे टिपले. लोखंड आणि जस्त यांची जोडलेली जोडी त्यांचा आवडता नमुना ठरली. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यात जस्त स्वतः विरघळून लोखंड वाचवते, हे जुने ज्ञान. पण लोखंडावर ऑक्सिजन किती खर्च होतो याचा नकाशा आता मिळू लागला. तरीही सुई स्वतः ऑक्सिजन खात होतीच, आणि धातूशी स्पर्धा करत होती.

म्हणून काहीच न खाणारी सुई शोधली गेली. हंगेरीतल्या पेच येथील गेझा नॉज यांच्या साथीने टेनेरीफच्या गटाने अँटिमनीचे सूक्ष्म इलेक्ट्रोड वापरून पीएचचे नकाशे काढले, मॅग्नेशियम आयनांसाठी निवडक प्रोबही वापरले. हे प्रोब फक्त विभव मोजतात, पदार्थ खर्च करत नाहीत. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते: प्रतिसाद मंद, सुई भराभर फिरवली की नकाशा एका बाजूला ओघळतो. अल्पजीवी खड्डा तर काही सेकंदांत जन्मून मरतो, त्यामुळे अशा सावकाश नकाशात तो क्वचितच सापडतो.

क्षरणरोधकांच्या बाबतीत मात्र मध्यस्थाची धारा घटते की वाढते हे पाहणारी जुनी पद्धतच (फीडबॅक) उपयोगी पडली. फिनलंडच्या गटाने 2005 मध्ये बेंझोट्रायाझोलमध्ये ठेवलेल्या तांब्याजवळ सुई नेली. या रोधकाचा थर बसत जातो तसा तांब्याचा प्रतिसाद धातूसारखा न राहता काचेसारखा होत जातो, आणि रोधकाचे काम आकड्यात मांडता येते.

2010 मध्ये वॉरिक विद्यापीठात पॅट्रिक अन्विन यांच्या गटाने बुडवून ठेवण्याची पद्धतच सोडली. सूक्ष्म काचनळीच्या तोंडाशी लोंबणारा द्रावणाचा थेंब पृष्ठभागाला ठिकठिकाणी टेकवायचा. जिथे तो टेकतो तेवढाच भाग इलेक्ट्रोड. 2019च्या सुमारास कमी कार्बनच्या पोलादावर असे हजारो स्पर्श करून त्यांची सांगड स्फटिककणांच्या दिशेशी घातली गेली. शेजारच्या दोन कणांचा विरघळण्याचा वेग वेगळा असतो, हे त्यातून मोजता आले. शिवाय थेंब हवेने वेढलेला असल्याने ऑक्सिजन त्यात झपाट्याने शिरतो. समुद्रात बुडालेल्या खांबापेक्षा दमट हवेत उभ्या पत्र्याशी ही स्थिती अधिक जुळते. मात्र प्रत्येक स्पर्शात तो कण बाकीच्यांपासून तुटलेला असतो. शेजारचा कण धनाग्र आणि दूरचा ऋणाग्र होऊन एकमेकांना कसे गंजवतात, हे थेंबाला दिसत नाही. त्यासाठी बुडलेल्या धातूवर फिरणारी जुनी प्लॅटिनमची सुईच अजून वापरावी लागते.