ही गल्ली जळली, ती का वाचली?

दिल्ली मेट्रोच्या गुलाबी मार्गावर ‘त्रिलोकपुरी–संजय लेक’ नावाचं स्टेशन आहे. मयूर विहारच्या सोसायट्यांना लागूनच त्रिलोकपुरीचे क्रमांक टाकलेले ब्लॉक सुरू होतात. 1984 च्या नोव्हेंबरात, 1 आणि 2 तारखेला, यांतल्या ब्लॉक 32 मध्ये शीख पुरुषांची कत्तल झाली. का झाली, असं विचारलं तर उत्तर आपल्याला पाठ असतं: 31 ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली म्हणून. पण ती बातमी तर सगळ्या दिल्लीने ऐकली होती. मग ब्लॉक 32 च का?

दंगलीनंतर मदतीला जाणाऱ्याने हा ‘इथेच का’ धरून बसायचं असतं. डाळ-तांदूळ आणि ब्लँकेटं कारण माहीत नसतानाही वाटता येतात. पण माणसांना परत कुठे पाठवायचं, भरपाई कुणाच्या हातात ठेवायची, कुणाचं दुकान आधी उभं करायचं, हे ठरवताना कारण ठाऊक नसेल तर मदतच नवं भांडण लावून देते. म्हणून हा शोध कसा घेतात ते आपण क्रमाने पाहू. त्यासाठी समाजशास्त्राची पदवी लागत नाही. वही, नकाशा आणि बराचसा धीर लागतो.

सुरुवात वहीपासून. एका पानावर चार रकाने आखायचे: निमित्त, कारण, जुळवाजुळव, अडसर. निमित्त म्हणजे ज्यावरून भडका उडाला ते, मग ती हत्या असो, मिरवणूक असो की नुसती अफवा. कारण म्हणजे आधीपासून साचलेलं: जागेचा वाद, उधारी, निवडणुकीतलं वैर, पोलीस ठाण्यात कुणाचा शब्द चालतो आणि कुणाचा नाही. जुळवाजुळव म्हणजे रॉकेल कुणी आणलं, माणसं कशातून आली, घरं कुणी दाखवली. आणि अडसर म्हणजे जिथे काही घडलं नाही, तिथे ते कुणी किंवा कशाने अडवलं. बहुतेक वह्यांत पहिला रकाना भरून वाहतो आणि चौथा कोराच राहतो.

पहिले दोन-तीन दिवस मात्र कारणं शोधत बसायचं नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये ईशान्य दिल्लीत दंगल पेटली. तिच्यात 53 माणसं गेली. मुस्तफाबादच्या अल-हिंद या छोट्या रुग्णालयात जखमी अडकून पडले होते. मोठं जीटीबी रुग्णालय काही किलोमीटरवर होतं, पण मधला रस्ता पार करणं धोक्याचं होतं. शेवटी 25 फेब्रुवारीच्या मध्यरात्रीनंतर दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. एस. मुरलीधर यांच्या घरी सुनावणी झाली आणि जखमींना सुरक्षित हलवण्याचे आदेश पोलिसांना मिळाले. औषध, डॉक्टर, खाटा या सगळ्यांच्या आधीची गरज रस्त्याची होती.

म्हणून या दिवसांत एवढंच टिपायचं: कुठला रस्ता बंद, कधीपासून, कुणी बंद केला. आज हे रुग्णवाहिकेच्या कामाचं आहे. सहा महिन्यांनी तोच पुरावा असतो. 1984 मध्ये ब्लॉक 32 ची वाट काँक्रीटच्या मोठ्या पाइपांनी अडवलेली होती. पत्रकार राहुल बेदी आणि त्यांचे सहकारी 2 नोव्हेंबरला तिथे पोचले, तेव्हा आतलं बाहेर कळलं. जड पाइप रागाच्या भरात आपोआप गल्लीच्या तोंडाशी येऊन पडत नाहीत. ही नोंद आपल्या तिसऱ्या रकान्यात जाते.

धूर विरला की नकाशा. छापील नको, हाताने काढलेला चालेल, पण घराघराचा. जळलेलं घर, न जळलेलं घर, देऊळ, मशीद, गुरुद्वारा, पाण्याचा नळ, दारूचं दुकान, पोलीस चौकी, पुढाऱ्याचं ऑफिस. मदत करणारे इथे सर्रास एक चूक करतात: फक्त जळलेल्या गल्ल्यांत फिरतात. साहजिक आहे, गरज तिथेच असते. पण कारण समजायला शेजारची वाचलेली गल्ली लागते. दोन्हीकडे गरिबी सारखी, गर्दी सारखी, टीव्हीवरची बातमीही तीच. मग फरक कशाचा?

मानववंशशास्त्रज्ञ वीणा दास यांनी 1984 नंतर सुलतानपुरीत हेच केलं. सुलतानपुरी ही बाहेरच्या दिल्लीतली पुनर्वसन वसाहत, म्हणजे झोपड्या पाडून हलवलेल्यांना प्लॉट देऊन वसवलेली वस्ती. दास आणि त्यांचे सहकारी तिथे मदतीचं कामही करत होते आणि नोंदीही घेत होते. एकाच वसाहतीत काही ब्लॉकांत माणसं मारली गेली आणि काही जवळजवळ सुरक्षित राहिले. त्याची उकल त्यांना शेजाऱ्यांमधल्या जुन्या भांडणांत आणि स्थानिक पुढाऱ्यांशी असलेल्या नात्यांत सापडली. देशपातळीवरचं निमित्त गल्लीपर्यंत पोचतं ते गल्लीतल्याच कुणाच्या तरी हातून.

यानंतर जमिनीचा इतिहास. ही पायरी लोक गाळतात, कारण कंटाळवाणी वाटते. मला ती सगळ्यात रंजक वाटते. त्रिलोकपुरी, कल्याणपुरी, सुलतानपुरी, मंगोलपुरी, नंदनगरी ही नावं 1984 च्या अहवालांत पुन्हा पुन्हा येतात. आणीबाणीच्या आसपास शहरातल्या झोपडपट्ट्या पाडून सुमारे 7 लाख माणसं अशा वसाहतींत नेऊन टाकली गेली. प्लॉट 25 चौरस वारांचा. यमुनापारच्या वेलकम वसाहतीतल्या सरकारी फायली मानववंशशास्त्रज्ञ एमा टार्लो यांनी वाचल्या. नसबंदीचा दाखला देऊन किंवा दुसऱ्याला नसबंदीला तयार करून लोकांनी प्लॉट कसे मिळवले, ते त्या फायलींत सापडतं. अशा जागी शेजारी आपण निवडलेला नसतो आणि कागद ज्याच्या ओळखीने मिळाला त्याला माणूस बांधलेला राहतो. ‘भैया, हमारा काम उन्होंने ही करवाया था’ असं कुणी सहज बोलून गेलं, तर ते वाक्य तसंच्या तसं लिहून ठेवावं.

इथे एक खड्डा आहे. 2011 च्या जनगणनेत ईशान्य दिल्ली जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला 36,155 माणसं होती, देशातल्या जिल्ह्यांत सर्वाधिक. हा आकडा पाहिला की ‘दाटी आणि दारिद्र्य’ असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण दाटी तर वाचलेल्या गल्लीतही होती. जे दोन्हीकडे सारखं आहे, ते फरकाचं कारण कसं असेल?

अडसराच्या रकान्यासाठी दुसऱ्या शहरांकडे पाहायला हरकत नाही. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी शहरांच्या जोड्या लावून तुलना केली: अलीगढ आणि कोझिकोड, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. 1950 ते 1995 या काळात हिंदू-मुस्लिम दंगलींतले सुमारे 46 टक्के मृत्यू फक्त आठ शहरांत झाले होते. त्यांत दिल्ली आहे, मेरठ आहे, आपली मुंबईही आहे. त्यांचा निष्कर्ष असा की नुसता शेजार पुरत नाही. व्यापारी संघ, कामगार संघटना, क्लब अशा दोन्ही समाजांच्या एकत्र संस्था असतील तर अफवा तिथेच विझते.

भिवंडीचं उदाहरण आपल्याला जवळचं. 1970 आणि 1984 मध्ये पेटलेलं हे गाव 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना शांत राहिलं. मधल्या काळात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. पण दंगलींचे अभ्यासक पॉल ब्रास यांचं म्हणणं वेगळं आहे. दंगल विझवणारे सोडा, ती पेटवण्यात मुरलेली माणसं गावोगाव असतात आणि आधी ती शोधा, असं ते सांगतात. मला विचाराल तर वहीत दोघांनाही जागा द्यावी. ब्रास तिसऱ्या रकान्यात, वार्ष्णेय चौथ्यात.

आता ऐकण्याचं काम, आणि इथेच सर्वाधिक नासधूस होते. छावणीत सकाळी एक संस्था येते, दुपारी दुसरी, संध्याकाळी कॅमेरा. आणि एकाच बाईला नवरा कसा मारला हे दिवसातून चारदा सांगावं लागतं. वीणा दास यांच्या एका लेखाच्या शीर्षकाचा अर्थ असा आहे: रडणं आमचं काम, ऐकणं तुमचं. म्हणजे ऐकणाऱ्याने कामासारखंच ऐकायचं. आधी कुणी नोंद घेतली आहे का ते विचारायचं; असल्यास तीच मागून घ्यायची. ‘कोणी मारलं’ पासून सुरुवात करायची नाही. ‘त्या दिवशी सकाळी काय करत होतात’ असं विचारलं की माणूस स्वतःच्या क्रमाने सांगतो आणि आपल्याला वेळापत्रक मिळतं. भरपाई मिळवून देऊ, असा शब्द चुकूनही द्यायचा नाही. बायकांशी बाईने, आणि सासऱ्या-दिरांच्या देखत नाही.

सासऱ्या-दिरांचं मुद्दाम सांगतो. 1984 च्या विधवांच्या बाबतीत भरपाईचा पैसा बाईच्या हाती जावा की नवऱ्याच्या वडिलांच्या, यावरून घराघरांत तंटे झाले. सगळ्यांसमोर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या सगळ्यात जोरकस माणसाचं असतं.

ऐकलेलं कागदाशी ताडून पाहायचं: एफआयआर, शवविच्छेदनाचे अहवाल, पंचनामे, त्या दिवसांची वर्तमानपत्रं, चौकशीचे अहवाल. पीयूडीआर आणि पीयूसीएल या नागरी हक्क संघटनांनी 1984 च्या नोव्हेंबरातच, अवघ्या दहा दिवसांच्या पाहणीवरून पुस्तिका काढली आणि हा उद्रेक आपोआप झालेला नाही असं नोंदवलं. मूळचे सासवडचे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे तेव्हा दिल्लीत होते. त्यांच्या सिटिझन्स फॉर डेमॉक्रसीनेही वेगळा अहवाल काढला. सरकारी रंगनाथ मिश्र आयोगापुढे दिल्लीसंबंधी 2,905 प्रतिज्ञापत्रं आली, त्यांतली 2,266 पीडितांच्या विरोधात होती. म्हणजे साक्षींची संख्या मोजून सत्य ठरत नाही. कोण बोलायला घाबरलं, तेही मोजावं लागतं.

2020 च्या दंगलीबद्दल तर अहवाल एकमेकांच्या थेट विरोधात आहेत. दिल्ली अल्पसंख्याक आयोगाच्या समितीचा निष्कर्ष एक, गृह मंत्रालयाला अहवाल सादर करणाऱ्या एका बुद्धिजीवी गटाचा दुसरा. अशा वेळी आपल्याला पटणारा अहवाल उचलून दुसरा ठेवून द्यायचा मोह होतो. त्याऐवजी दोन्ही समोर ठेवून वेळ, जागा आणि मृतांची यादी एवढंच जुळवायचं. जे दोघांनाही मान्य आहे, त्यावर मदतीचा आराखडा उभा राहतो. बाकीचं न्यायालयाचं काम.

यादीबद्दल एक ताकीद. 1984 मध्ये शिखांची घरं ओळखायला मतदार याद्या आणि रेशनच्या याद्या वापरल्या गेल्या, असं अहवालांत नोंदलेलं आहे. आपणही छावणीत यादीच करतो: नाव, धर्म, पत्ता, घरात कोण कोण. ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरली तर पुढच्या वेळी आपणच घरं दाखवल्यासारखं होईल. नावांची वही वेगळी, जबान्यांची वेगळी, दोन्हींना जोडणारे क्रमांक एकाच जबाबदार माणसाकडे. कंटाळा येतो, तरी करायचं.

आता या सगळ्याचा मदतीशी सांधा जुळवायचा. मदतकार्याच्या अभ्यासक मेरी अँडरसन यांच्या 1999 च्या पुस्तकातली युक्ती इथे कामाला येते: वस्तीतल्या तोडणाऱ्या आणि जोडणाऱ्या गोष्टी वेगळ्या काढायच्या आणि आपली प्रत्येक मदत कुणाला बळ देते ते तपासायचं. धान्य एकाच प्रार्थनास्थळातून वाटलं तर दुसऱ्या बाजूचा जळलेला माणूस तिथे येत नाही. फक्त एका समाजाची दुकानं रंगवून दिली तर बाजाराची मधली भिंत उंच होते. पण दोघांचाही माल जिथून सुटतो ते गोदाम, दोघांचीही मुलं जातात ती शाळा, दोन्हीकडच्या बायका पाणी भरतात तो नळ आधी दुरुस्त केला, तर जोडणारा धागा शाबूत राहतो.

परत पाठवण्याचा निर्णय सगळ्यात नाजूक. 1984 मध्ये फर्श बाजारसारख्या छावण्या लवकर रिकाम्या कराव्यात असा प्रशासनाचा आग्रह होता. पण ज्या गल्लीत मारणारे मोकळे फिरत होते, तिथे बायका जाणार कशा? तिसरा रकाना भरलेला असता तर हा प्रश्न फायलीवरच दिसला असता. 2020 मध्ये मुस्तफाबादच्या ईदगाहमधली छावणी महिनाभरही टिकली नाही; मार्चअखेर टाळेबंदी आली आणि माणसं पांगली. छावणी कधी ना कधी उठतेच. उठण्याआधी प्रत्येक कुटुंब कुठे चाललं आहे आणि तिथे शेजारी कोण, एवढी नोंद हवी.

भरपाईत भाडेकरू निसटतात. 2020 मध्ये दिल्ली सरकारने पूर्ण जळालेल्या घरासाठी 5 लाख ठरवले, त्यांतले 4 लाख मालकाला आणि 1 लाख भाडेकरूला. पण यमुनापारच्या खोल्या तोंडी करारावर चालतात. भाड्याची पावती नाही, वीजबिल मालकाच्या नावे, आधार कार्ड गावच्या पत्त्यावर. म्हणून पंचनामा होताना भाडेकरू हजर असेल असं बघायचं आणि शेजाऱ्यांची लेखी साक्ष त्याच दिवशी घ्यायची. नंतर शेजारी बोलत नाहीत.

शेवटची फेरी वर्षाने, आणि पुढेही जमेल तितकी. 1984 च्या विधवांना टिळक विहारमध्ये घरं मिळाली, शिपाई वगैरे पदांवर नोकऱ्याही मिळाल्या. कागदावर पुनर्वसन पूर्ण. आई दिवसभर कामावर, घरात मोठं माणूस नाही, आणि त्या वसाहतीतल्या मुलांच्या एका पिढीला व्यसनांनी गाठलं. पाळणाघर आणि संध्याकाळची शाळा कुणी मदतीच्या यादीत धरलीच नव्हती. घर आणि नोकरी एवढ्यावर यादी संपवणं ही चूक आजही होते.

आणि 2014 च्या दिवाळीत त्रिलोकपुरीत पुन्हा दंगल झाली, मदतीला पुन्हा जावं लागलं. या वेळी ब्लॉक 20, मशिदीजवळची माता की चौकी (देवीचा मांडव), हिंदू आणि मुसलमान. निमित्त नवं, माणसंही बरीचशी नवी. अमन (शांतता) समित्या बसल्या, तेव्हा कुणाकडे तीस वर्षांपूर्वीचा घराघराचा नकाशा असता, तर आधी कुणाच्या दारावर थाप मारायची ते एका रात्रीत ठरलं असतं.