झोप न मोडणारा चहा



या पानावर आम्ही नेहमी लागण, बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट, हुमणी याविषयी लिहितो. या खेपेस विषय जरा निराळा आहे. शेतकी विभागाचा माणूस चहावर काय लिहिणार, असे कुणी म्हणेल. पण आमच्याइतका चहा तालुक्यात दुसरा कुणी पीत असेल असे वाटत नाही. लागण नोंदीच्या दिवसांत बांधावर उभे राहिले की घरातून हाक येतेच, "सायेब, च्या घेऊन जावा." नको म्हटले तर घरधनी मनाला लावून घेतो. एके दिवशी सहज मोजले, तर संध्याकाळपर्यंत चौदा कप झाले होते. लहान कपात २० ते ३० मिलिग्रॅम कॅफिन धरले तरी चौदा कपांचे तीन-चारशेच्या घरात जाते. निरोगी प्रौढ माणसाने दिवसाला ४०० च्या वर जाऊ नये, असे साधारण प्रमाण सांगतात. म्हणजे आम्ही रोज बांधाला लागूनच चाललो होतो. रात्री अंथरुणावर पडून आढ्याकडे बघत बसायचे आणि दोष मात्र तोडीच्या तक्रारींना द्यायचा, असे कितीतरी दिवस चालले.

आमचे राहू द्या. आमच्या गटात एक ज्येष्ठ सभासद आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या सोप्यावर संध्याकाळी चार माणसे जमायची, पाण्याच्या पाळीचे वाद तिथेच मिटायचे, आणि मधे चहाचा टोप. मागच्या वर्षी तात्यांच्या छातीत धडधड सुरू झाली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि सांगितले, चहा बंद. तात्या हुकूम पाळणारे. दुसऱ्या दिवसापासून एक घोटही नाही. तिसऱ्या दिवशी डोके असे दुखू लागले की घरच्यांना वाटले, प्रेशर वाढले. ते प्रेशर नव्हते. वर्षानुवर्षे रोज दहा कप पिणाऱ्याने एकदम सोडला की एक-दोन दिवस डोके ठणकते, अंग मोडून येते, चिडचिड होते, आणि आठवडाभरात ते आपोआप निवळते. हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत एकेक कप कमी केला असता तर हा त्रास झाला नसता. ज्यांना सोडायचा आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

डोके थांबले, पण सोपा ओस पडला. लोकांना चहा द्यायचा आणि आपण बघत बसायचे, हे तात्यांना जमेना. गवती चहा करून बघितला. तात्या म्हणाले, "साहेब, त्यो काढा झाला. त्याला च्या कोण म्हणंल?" बोलणे खरे आहे. गवती चहात कॅफिन मुळात नसतेच, पण तो चहाच्या झाडाचा पालाही नव्हे.

अशात तात्यांचा पुतण्या इंग्लंडहून सुट्टीवर आला. तिकडे एकाच कंपनीचा चहा दोन तऱ्हेने मिळतो, साधा आणि कॅफिन काढलेला. त्याने दोन्ही डबे आणले. तात्यांनी आधी डॉक्टरांना विचारून घेतले, दिवसाला दोन कपांची परवानगी मिळाली. मग आम्हाला निरोप आला, "तुम्ही उसाची गोडी चाखून सांगता, आता ह्याची बी सांगा."

आम्ही ठरवले, करायचे तर रीतसर करायचे. चहा पारखणाऱ्या लोकांची एक पद्धत आहे, १९८० साली ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून छापलीही गेली. १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती, पाणी नुकते उकळलेले, वर झाकण, सहा मिनिटे, मग गाळून घ्यायचे. माती परीक्षणाच्या कामाचा छोटा काटा सोबत नेला. पिशव्या फाडून पत्ती मोजली. दोन सारख्या कपांच्या बुडाला खुणा केल्या आणि सूनबाईंना सांगितले, कोणता कोणता ते आम्हाला सांगू नका. दूध नाही, साखर नाही. साखर न घालता चहा प्या, असे साखर कारखान्याच्या वार्तापत्रात लिहिताना हात जरा अडखळतो, पण परीक्षा ती परीक्षा. कोरा चहाच खरे सांगतो.

पारखी लोक चमच्याने घोट घेतात आणि मोठ्याने भुरका मारतात. तो अडाणीपणा नव्हे. भुरक्याने चहा तोंडभर फवारला जातो आणि वास नाकाच्या मागच्या बाजूने वर चढतो. तात्यांना हे शिकवावे लागले नाही.

रंग दोन्हीचा जवळजवळ एकच, तांबूस, स्वच्छ. वासात फरक कळला. एका कपाचा वास ताजा, जरा तिखटसर, दुसऱ्याचा मंद, वाळल्या वैरणीकडे झुकणारा, वाईट नव्हे. घोट घेतल्यावर पहिला कप हिरड्यांना धरतो, जिभेच्या कडांना चुरचुरतो आणि गिळल्यावरही तोंडात राहतो. दुसरा मऊ. कडूपणा बराच कमी, तुरटपणा आहे पण दात न लावणारा, आणि चव लवकर ओसरते. आम्ही, तात्या आणि पुतण्या, तिघांनीही दुसऱ्या कपाकडे बोट दाखवले. कप उलटे करून पाहिले, बरोबर होते. तात्यांची प्रतिक्रिया आम्ही वहीत लिहून घेतली आहे: "च्याच हाय. फकस्त दांडगाई करत न्हाई."

खरी गंमत पुढे झाली. गप्पांत दोन्ही कपांतला उरलेला चहा गार झाला. साधा चहा गढूळ झाला, वर दुधट झाक आली. कॅफिन काढलेला मात्र बराचसा नितळच राहिला. कारण असे की काळ्या चहातील तुरट रंगद्रव्ये आणि कॅफिन यांची जोडी जमते. गरम असताना ती पाण्यात विरघळलेली असते, गार होताच साका होऊन बाहेर पडते. हीच जोडी तोंडात 'कडक'पणा देते. कॅफिन गेले की जोडी फुटते, म्हणून चव मऊ आणि गार चहा नितळ. आपल्या घरी कोरा, दाट चहा करून गार होऊ द्या, गढूळपणा डोळ्यांनी दिसेल.

आता हे कॅफिन काढतात कसे, ते सांगायला हवे, कारण त्यात आपला ऊस येतो.

कॅफिन वेगळे काढून दाखवले रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८१९ साली, कॉफीच्या दाण्यातून. १८२७ मध्ये चहातही तसाच पदार्थ सापडला, त्याला 'थेईन' असे वेगळे नाव दिले. पुढे दोन्ही एकच निघाले. धंद्याच्या पायरीवर हे काम नेले ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियस या कॉफी व्यापाऱ्याने, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. समुद्राच्या पाण्याने भिजलेल्या कॉफीच्या खेपेवरून त्याला युक्ती सुचली, असे सांगतात. तो बेंझिन वापरी. बेंझिन शरीराला घातक ठरल्यावर ती रीत मागे पडली.

आज चहासाठी ज्या रीती चालतात त्यांतल्या दोन आपल्या उपयोगाच्या आहेत. एक इथाईल ॲसिटेटची. पत्ती ओलसर करून या द्रावकाने धुतात, ते कॅफिन ओढून घेते, मग वाफेने द्रावक घालवून पत्ती वाळवतात. हे इथाईल ॲसिटेट पिकलेल्या फळांतही थोडे असते, म्हणून डब्यावर 'नैसर्गिक' अशा अर्थाचे शब्द छापतात. कारखान्यात मात्र ते अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिडपासून करतात, आणि अल्कोहोल मळीपासून निघते हे तुम्हाला आम्ही काय सांगावे! कोलंबियात उसापासूनच्या अशा द्रावकाने कॉफीतले कॅफिन काढतात आणि ती कॉफी उसाचे नाव लावून जगभर विकतात. आपली मळी गेली कुठे आणि नाव झाले कुणाचे! या रीतीत थोडा फळासारखा वास मागे राहतो, अशी पारख्यांची तक्रार असते.

दुसरी रीत कार्बन डायऑक्साइडची. ती कुर्ट झोसेल या जर्मन संशोधकाने १९६७ साली शोधली. हा वायू ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या सुमारे ७३ पट दाबाखाली ठेवला की धड वायू राहत नाही, धड द्रव राहत नाही. वायूसारखा पानात शिरतो आणि द्रवासारखा कॅफिन विरघळवून आणतो. प्रत्यक्षात दाब याहूनही बराच जास्त ठेवतात. दाब सोडला की वायू निघून जातो, पत्तीत मागे काही राहत नाही, चवही बरी टिकते. यंत्रसामग्री भारी असल्याने चहा महाग पडतो. आसवनीत फर्मेंटरच्या टाकीवर जे बुडबुडे येतात तो हाच वायू. साखर आंबली की अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वजनाने जवळपास सारखेच निघतात. काढलेले कॅफिनही वाया जात नाही, शीतपेयांना आणि औषधांना ते लागते.

कॅफिन काढले म्हणजे सगळे गेले असे नव्हे. मोठ्या कपभर साध्या चहात ४० ते ५० मिलिग्रॅम असते, यात साधारण २ ते ५ उरते. पोटात गेलेले कॅफिन निम्मे व्हायला पाच-एक तास लागतात. संध्याकाळी सहाला साधा कप घेतला तर रात्री अकराला अर्धा कप अंगात जागाच असतो. कॅफिन काढलेल्या कपात जागायला फार काही उरत नाही.

गैरसमजही पुष्कळ आहेत. कोरा चहा म्हणजे कॅफिन नसलेला, हे चूक. ग्रीन टी म्हणजे कॅफिन नसलेला, हेही चूक, ते त्याच झाडाचे पान. पहिले पाणी अर्ध्या मिनिटात ओतून दिले की कॅफिन जाते असे काहीजण सांगतात. थोडेसेच जाते, वास मात्र चांगला जातो. आणि तुरटपणा कायम असल्यामुळे जेवणाबरोबर घेतला तर हा चहाही अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. ज्या भगिनींना रक्त कमी असल्याचे सांगितले आहे त्यांनी जेवण आणि चहा यांत तासभर अंतर ठेवावे.

करण्याची रीत आम्हाला दोन-चार वेळा फसल्यावर सापडली. आपल्यासारखा खळखळ उकळला की वास उडतो आणि उरतो नुसता रंग. पाणी उकळून खाली उतरवावे, नेहमीच्या दीडपट पत्ती घालावी, पाच मिनिटे झाकून ठेवावा. आले पाण्यात आधी उकळून घ्यावे. दूध घातलेच तर गरम आणि थोडे, फार दूध या चहाला सोसत नाही. आम्हाला स्वतःला लिंबाचे चार थेंब आणि चिमूटभर गूळ आवडला. तात्यांना गूळ पसंत नाही, ते अर्धा चमचा साखरच घेतात. कारखान्याचे जुने सभासद आहेत, काय बोलणार?

किमतीचे सांगायचे तर हा चहा नेहमीच्या चहाच्या कितीतरी पट महाग आहे. रोज दहा माणसांच्या घरात हा परवडणार नाही आणि गरजही नाही. ज्याला झोप लागत नाही, ज्याला डॉक्टरांनी कॅफिन कमी करायला सांगितले आहे, त्याच्यापुरता संध्याकाळचा एक कप, एवढीच त्याची जागा. रात्रीच्या विजेवर पाणी पाजणाऱ्याने किंवा ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवाल्याने तो घेऊ नये. एका ड्रायव्हरला तात्यांच्या घरी चुकून हाच कप गेला. अर्ध्या तासाने परत आला, "आक्का, च्यात कायतरी कमी हाय बगा," म्हणून दुसरा कप मागून पिऊन गेला. त्या दिवसापासून सूनबाईंनी दोन टोप वेगळे ठेवले आहेत, तात्यांच्या टोपाच्या दांड्याला लाल चिंधी बांधलेली.

सोपा पुन्हा भरू लागला आहे. परवा आम्ही खोडव्याची नोंद घ्यायला गेलो तेव्हा पाचजण बसले होते, वाद नेहमीचाच, कालव्याच्या पाळीचा. सूनबाईंनी विचारले, "साहेब, कोणता?" घड्याळात साडेपाच वाजले होते. आम्ही चिंधीवाल्या टोपाकडे बोट दाखवले.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग