साठ हजारांची घडी

हातातली यंत्रं : लेखांक ९

गेल्या आठवड्यात ओएलईडी पडद्याची रचना पाहिली. त्यातला प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, मागून दिवा लागत नाही, म्हणून असा पडदा काचेऐवजी लवचीक प्लास्टिकच्या थरावरही उभारता येतो, इथपर्यंत आपण आलो होतो. हा लवचीकपणा प्रत्यक्ष हातात घेऊन पाहायचा तर मधोमध मिटणारा फ्लिप फोन उघडून पाहावा. भारतात २०२५ साली असे दोन फोन बरोबर सहा आठवड्यांच्या अंतराने जाहीर झाले. २८ मे रोजी मोटोरोलाचा रेझर ६० आला, किंमत ४९,९९९ रुपये. ९ जुलैला सॅमसंगचा गॅलॅक्सी झेड फ्लिप ७ आला, किंमत १,०९,९९९ रुपये. दोन्ही किमती २५६ जीबी साठवणुकीच्या फोनच्या. फरक ६० हजारांचा.

हे दोन फोन दुकानात शेजारी ठेवले तर तो फरक डोळ्यांना जाणवत नाही. दोघांचं वजन १८८ ग्रॅम, आतला पडदा ६.९ इंचांच्या आसपास, मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा, धूळ-पाण्यापासून संरक्षणाची श्रेणीही एकच, आयपी४८. विक्रेता सहसा कॅमेऱ्याचे नमुने दाखवतो आणि हप्ता किती पडेल ते सांगतो. जास्तीचे ६० हजार नेमके फोनच्या कुठल्या भागात गेले, हे कुणी उलगडून सांगत नाही. आजचा लेख त्यासाठी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: ते पैसे घडीत गेलेले नाहीत. मिटणाऱ्या फोनचा सर्वांत नाजूक भाग, म्हणजे आतला पडदा, महागड्या फोनमध्येही नाजूकच आहे.

तो का, हे समजून घेऊ. कुठलाही थर वाकवला की त्याच्या बाहेरच्या बाजूला ताण पडतो. तो ताण किती, हे थराची जाडी आणि वळणाची त्रिज्या या दोन गोष्टींवर ठरतं. जाडीच्या निम्म्याला त्रिज्येने भागलं की उत्तर मिळतं. नेहमीच्या फोनची काच अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जाड असते. ती दीड मिलिमीटर त्रिज्येच्या वळणात घालायची म्हटलं तर बाहेरच्या बाजूला जवळपास २० टक्के ताण येईल, आणि काच त्याच्या कितीतरी आधी फुटेल. तीच काच ३० मायक्रॉन जाडीची केली, म्हणजे केसाहूनही पातळ, की ताण एका टक्क्यावर येतो आणि तो तिला सोसतो. अख्खा बांबू वाकत नाही, पण बुरूड त्याच्याच पातळ कामट्या काढून टोपली विणतो, तसंच हे आहे. सॅमसंगने २०२० च्या पहिल्या झेड फ्लिपमध्ये अशी अतिपातळ काच वापरली आणि पुढच्या फ्लिप फोनमध्येही ती कायम ठेवली.

पण इतकी पातळ काच उघडी ठेवता येत नाही. टोकदार काही लागलं तर ती तडकेल, म्हणून तिच्यावर प्लास्टिकचा मऊ थर असतो. बोटाला लागतो तो हा थर. काचेवर जो ओरखडा उठणार नाही, तो त्याच्यावर उठतो. नखाने दाबलं तरी खूण राहू शकते, आणि तसं करू नका हे सॅमसंग स्वतःच आपल्या सूचनांत सांगतं. हा मऊपणा कंपनीच्या हलगर्जीपणातून आलेला नाही. तो पदार्थाचा धर्म आहे आणि १,०९,९९९ रुपये मोजून तो बदलत नाही. पडद्यावर कारखान्यातून जे आवरण लावून येतं, ते अनेकांना नेहमीचं स्क्रीनगार्ड वाटतं आणि ते सोलून काढलं जातं. कृपया असं करू नका. त्याच्याबरोबर पडदाही जाऊ शकतो. वर्ष-दोन वर्षांनी ते घडीपाशी सुटायला लागलं तर सर्व्हिस सेंटरमध्येच बदलून घ्यावं, कोपऱ्यावरच्या दुकानात नाही.

मधली रेघ दोन्ही फोनमध्ये आहे. ती किती उमटते, हे आत वळण कसं घडवलंय त्यावर अवलंबून असतं. पडदा सरळ दुमडला तर वळण तीव्र होतं. बिजागरीच्या आत त्याला थेंबाच्या आकाराचा फुगवटा घेऊ दिला, तर त्रिज्या वाढते, रेघ उथळ होते आणि फोनही फट न ठेवता पूर्ण मिटतो. आज दोन्ही कंपन्यांची बिजागरी याच तत्त्वावर चालते. यातला इतिहास मात्र ऐकण्यासारखा आहे. थेंबाचं हे वळण मोटोरोलाने २०१९ च्या पहिल्या मिटणाऱ्या रेझरमध्येच आणलं होतं. सॅमसंगच्या फ्लिपमध्ये ते चार वर्षांनी, २०२३ च्या झेड फ्लिप ५ मध्ये आलं. तोपर्यंत सॅमसंगचा मिटलेला फोन बिजागरीपाशी उघडा राहायचा आणि त्या फटीतून धूळ आत जायची. घडीच्या रचनेत आज स्वस्त ठरणारी कंपनीच पुढे होती.

तो पहिला रेझर भारतात मार्च २०२० मध्ये आला तेव्हा त्याची किंमत १,२४,९९९ रुपये होती. त्यात चिप मध्यम दर्जाची आणि बॅटरी अवघी २,५१० एमएएचची. त्याच नावाचा, त्याहून सर्व बाबतींत सरस फोन पाच वर्षांत ४९,९९९ वर आला. आता सॅमसंगचा आलेख पाहा. पहिला झेड फ्लिप २०२० मध्ये १,०९,९९९ रुपयांना होता. २०२१ मध्ये फ्लिप ३ ८४,९९९ ला मिळाला आणि किंमत उतरते आहे असं वाटलं. मग फ्लिप ४ ८९,९९९, फ्लिप ५ ९९,९९९, फ्लिप ६ १,०९,९९९, आणि फ्लिप ७ पुन्हा तेवढ्यालाच. एका कंपनीने घडीचं तंत्र जुनं झाल्याचा फायदा गिऱ्हाइकाला किमतीत दिला. दुसरीने किंमत तीच ठेवून फोनच्या पोटात भर घातली. दोन्ही धोरणं व्यापारात चालतात, पण आपण कुठल्या धोरणाचे पैसे भरतो आहोत, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असायला हवं.

घडीसाठी आपण नेमके किती मोजतो, हे काढण्याचा एक सोपा मार्ग आहे: त्याच कंपनीचा न मिटणारा फोन शेजारी ठेवायचा. सॅमसंगचा गॅलॅक्सी एस२५ २०२५ मध्येच २५६ जीबी साठवणुकीसह ८०,९९९ रुपयांना आला, आणि त्यात दूरचं टिपणारा तिसरा कॅमेराही आहे. फ्लिप ७ मध्ये तो नाही. मिटलेल्या फोनची जाडी आवाक्यात ठेवायची, तर अर्ध्या अंगात तेवढी जागाच उरत नाही. म्हणजे घडीसाठी २९,००० रुपये आणि एक कॅमेरा. मोटोरोलाचा एज ६० प्रो २९,९९९ ला आला. त्याच्यात ६,००० एमएएचची बॅटरी, ९० वॉटचं चार्जिंग आणि तिसरा कॅमेरा आहे. रेझर ६० मध्ये बॅटरी ४,५०० ची, चार्जिंग ३० वॉटचं आणि चिपही कमी ताकदीची. म्हणजे इथे घडीसाठी २०,००० रुपये आणि बराच ऐवज. रेझर घेणाऱ्याने त्याची तुलना फक्त फ्लिपशी केली तर तो स्वस्तच वाटेल. ४९,९९९ मध्ये दुसरं काय येतं, हेही त्याने एकदा पाहून घ्यावं.

आता ते ६० हजार. त्यातले बरेचसे चिप, रॅम आणि साठवणुकीत गेले आहेत. फ्लिप ७ मध्ये सॅमसंगची स्वतःची एक्सिनोस २५०० ही तीन नॅनोमीटरची चिप आणि १२ जीबी रॅम आहे. रेझर ६० मध्ये मीडियाटेकची डायमेन्सिटी ७४००एक्स आणि ८ जीबी रॅम. या चिपच्या नावातला एक्स दोन पडद्यांचे फोन चालवण्याची सोय दाखवतो. व्हॉट्सॲप, नकाशे, बँकेचं ॲप, यूट्यूब यांत रोजच्या वापरात मोठा फरक जाणवू नये. फरक दिसतो तो जड खेळांत, व्हिडिओ संपादनात आणि फोन जुना झाल्यावर. रेझरची साठवणूक यूएफएस २.२ या जुन्या पिढीची आहे. जाहिरातीत २५६ जीबी एवढंच लिहिलेलं असतं, वेग लिहिलेला नसतो. दोन वर्षांनी फोन भरत आला आणि ॲप्स जड झाली की ही काटकसर जाणवू लागते.

फ्लिपच्या ताकदीलाही एक मर्यादा आहे. मिटणाऱ्या फोनमध्ये मुख्य बोर्ड आणि चिप सहसा वरच्या अर्ध्यात असतात. तिथली उष्णता बिजागरी ओलांडून खालच्या अर्ध्यात नीट पसरत नाही. साध्या फोनला जेवढी जागा तापायला मिळते, तिच्या निम्मीच इथे मिळते. म्हणून चिप लवकर तापते आणि स्वतःचा वेग उतरवते. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभं राहून व्हिडिओ चित्रित करणाऱ्याला हे लवकर कळेल. महाग चिपची पूर्ण ताकद फ्लिपच्या अंगात फार वेळ टिकत नाही, आणि केवळ ताकदीसाठी फ्लिप घ्यायचा असेल तर तो घेऊ नये असं मला वाटतं.

बाहेरचा पडदा फ्लिप ७ मध्ये ४.१ इंचांचा आहे, रेझर ६० मध्ये ३.६ इंचांचा. सॅमसंगचा मोठा, अधिक उजळ आणि कॅमेऱ्यांभोवती कडेपर्यंत पसरलेला. पण वापरायला मला मोटोरोलाचा विचार अधिक पटतो. रेझरच्या बाहेरच्या पडद्यावर हवं ते ॲप थेट उघडता येतं. सॅमसंगमध्ये मुळात निवडक गोष्टीच चालतात. बाकीच्या ॲप्ससाठी गुड लॉक नावाचं वेगळं ॲप घेऊन त्यात खटाटोप करावा लागतो. मिटलेला फोन न उघडता काम व्हावं हाच बाहेरच्या पडद्याचा उद्देश आहे. प्रत्येक वेळी न उघडल्याने आतला पडदाही कमी झिजतो. एवढी महत्त्वाची सोय एक लाखाच्या फोनमध्ये आडवळणाला ठेवली आहे, हे मला खटकतं.

सॅमसंगची खरी आघाडी आहे ती वर्षांत. फ्लिप ७ ला अँड्रॉइडच्या सात आवृत्त्या आणि सात वर्षं सुरक्षा अद्ययावतीकरण मिळणार आहे. रेझर ६० ला तीन आवृत्त्या आणि चार वर्षं सुरक्षा. ज्या फोनवर बँक, यूपीआय आणि आधार आहे, त्याला सुरक्षा मिळणं थांबलं की तो वापरणं धोक्याचं होतं. म्हणून किंमत वर्षांनी भागून पाहू. फ्लिप सात वर्षं वापरला तर वर्षाला सुमारे १५,७०० रुपये पडतात. रेझर चार वर्षं वापरला तर १२,५००. अंतर एकदम कमी झालं. पण फ्लिपही चारच वर्षं वापरला तर वर्षाला २७,५०० पडतात.

या गणितात एक गृहीत दडलेलं आहे: आतला पडदा सात वर्षं टिकेल. सॅमसंगने आधीच्या फ्लिप फोनसाठी दोन लाख घड्यांची चाचणी जाहीर केली होती. दिवसाला शंभर वेळा उघडला तर साडेपाच वर्षं. चाचणी यंत्रावर होते, तिथे घामाचे हात, खिशातला कचरा आणि पडणं-आपटणं नसतं. आयपी४८ मधला पहिला आकडा, चार, एवढंच सांगतो की एक मिलिमीटरहून मोठा कण आत जाणार नाही. रत्नागिरीच्या किंवा कळंगुटच्या किनाऱ्यावरची वाळू त्याहून बारीक असते, बांधकामाची धूळ तर त्याहूनही. दुसरा आकडा, आठ, पाण्यात बुडण्याबद्दलचा आहे, पण ती चाचणी गोड्या पाण्यातली आहे. पावसाला घाबरायचं कारण नाही, समुद्राला आहे. धुळीला पूर्ण अटकाव करणारा मिटणारा फोन गूगलने २०२५ मध्येच पिक्सेल १० प्रो फोल्डच्या रूपाने आणला, पण तो पुस्तकासारखा उघडणारा आहे आणि तेव्हा त्याची किंमत १,७२,९९९ रुपये होती.

आतला पडदा गेला तर सॅमसंगकडे तो बहुधा चौकट आणि बिजागरीसह एकत्रच बदलतात. बिल काही हजारांत आटोपत नाही. म्हणून सात वर्षांच्या हिशेबात एक पडदा आणि एक बॅटरी आधीच धरावी. तसं धरलं की फ्लिपची आघाडी बरीच आटते. माझा कौल असा: फोन तीन-चार वर्षांत बदलणाऱ्याने, घडीची हौस असेल तर, रेझर घ्यावा. पाच वर्षांच्या पुढे टिकवण्याची सवय आणि दुरुस्तीची तयारी दोन्ही असतील तरच फ्लिप ७ चे जास्तीचे पैसे वसूल होतील. मधला पर्याय म्हणून सॅमसंगने फ्लिप ७ एफई ८९,९९९ ला आणला, पण त्यात साठवणूक १२८ जीबी, रॅम ८ जीबी आणि अंग आदल्या वर्षीच्या फ्लिप ६ चंच. तो मला कुठल्याच गिऱ्हाइकासाठी सुचवावासा वाटत नाही.

दुकानात गेलात तर दोन प्रश्न नक्की विचारा. आतल्या पडद्याच्या नुकसानीला विमा योजना लागू आहे का आणि त्यात स्वतःच्या खिशातून किती भरावे लागतात. आणि मिटणारे फोन दुरुस्त करणारं अधिकृत सेंटर आपल्या जिल्ह्यात आहे की फोन पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो. सांगली किंवा लातूरच्या गिऱ्हाइकाला या दुसऱ्या उत्तराने निवड बदलावी लागू शकते.

घडीच्या फोनमध्ये बॅटरी एक नसते, दोन अर्ध्यांत दोन सेल असतात. ती कशी झिजते आणि सात वर्षांच्या वायद्यात ती कुठे बसते, हे पुढच्या लेखांकात.