नायट्यावरील मिश्र मलम : उपयोग आणि अपाय

आजचा विषय ऐकावयास किरकोळ वाटेल. नायटा किंवा गजकर्ण हा कांहीं जीवघेणा रोग नव्हे. जांघेंत, काखेंत किंवा कमरेभोंवतीं एक गोल चट्टा उठतो. त्याची कडा तांबूस व किंचित् उंच असते, मधला भाग निवळल्यासारखा दिसतो, आणि खाज मनुष्यास स्वस्थ बसूं देत नाहीं. जागा अवघड, म्हणून डॉक्टरांकडे जाण्याचा संकोच वाटतो. मग दुकानांतून एखादी मलमाची नळी येते आणि ती हळूहळू घरांतील सर्वांच्या उपयोगाची होऊन बसते. या साध्या व्यवहारांतूनच भारतांतील त्वचारोगतज्ज्ञांपुढें गेल्या कांहीं वर्षांत एक मोठें संकट उभें राहिलें आहे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत या रोगास अनुकूल परिस्थिति पुष्कळ आहे. घाटावर हवा त्यांतल्या त्यांत सौम्य. परंतु घाट उतरून मलकापूर, नांदुरा, खामगांव, शेगांव या बाजूस आलें कीं उन्हाळ्याचा ताप आणि अंगाचा घाम यांपासून सुटका नाहीं. पावसाळ्यांत कपडे धड वाळत नाहींत. घाम, घट्ट कपडे आणि एकाच पंचानें अनेकांनीं अंग पुसणें, एवढें असलें म्हणजे नायट्यास दुसरें निमंत्रण लागत नाहीं.

हा रोग बुरशीच्या एका जातीमुळें होतो. त्वचेचा अगदीं वरचा मृत थर, केस आणि नखें ज्या केराटिन नांवाच्या द्रव्याचीं बनलेलीं असतात, तेंच या बुरशीचें अन्न. शरीर तिचा प्रतिकार करूं लागतें, त्या झगड्याचें बाह्य स्वरूप म्हणजे लाली आणि खाज. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी : खाज हा रोग नव्हे, शरीर रोगाशीं झगडत असल्याची ती खूण आहे.

आतां मिश्र मलमांत काय असतें तें पाहूं. त्यांत एक औषध बुरशीवरचें असतें : क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, टर्बिनाफिन यांसारखें. दुसरें असतें स्टेरॉइड : बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन किंवा सर्वांत तीव्र वर्गांतील क्लोबेटासोल. कित्येक मलमांत जंतुनाशक औषधांचीहि भर घातलेली असते. स्टेरॉइड बुरशीला मारीत नाहीं; तें शरीराचा प्रतिकार थंड करतें. म्हणून दोन-तीन दिवसांत लाली ओसरते, खाज थांबते, आणि गुण आला असें समजून रोगी मलम बंद करतो. बुरशी मात्र त्वचेंत शिल्लकच असते. आठ-पंधरा दिवसांत चट्टा पुन्हा उठतो, पूर्वींपेक्षां मोठा. पुन्हा तेंच मलम, पुन्हा तोच तात्पुरता आराम. असें चक्र वर्षानुवर्षें चालतें.

स्टेरॉइड हें वाईट औषध आहे असें मात्र कोणीं समजूं नये. १९५२ सालीं सुल्झबर्गर व विटेन या अमेरिकन वैद्यांनीं हायड्रोकॉर्टिझोनचें मलम त्वचारोगांवर यशस्वीपणें वापरलें आणि इसब वगैरे रोगांच्या उपचारांत क्रांति घडली. परंतु बुरशीच्या रोगावर तें लावल्यास चट्ट्याचें रूपच पालटतें, कडा पुसट होते व निदान चुकतें. अशा वेष पालटलेल्या नायट्यास १९६८ सालीं इंग्लंडांतील आयव्ह व मार्क्स यांनीं ‘टिनिया इनकॉग्निटो’, म्हणजे अज्ञातवासांतील नायटा, असें नांव दिलें.

शरीराची सर्व त्वचा सारखी नसते, हेंहि विसरतां कामा नये. १९६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार, हाताच्या आंतल्या बाजूनें जेवढें हायड्रोकॉर्टिझोन शरीरांत शोषलें जातें, त्याच्या सहापट कपाळांतून आणि ४२ पट अंडकोषाच्या त्वचेंतून शोषलें जातें. म्हणूनच जांघेंत तीव्र मलम महिनोन् महिने लावल्यास त्वचा पातळ होते आणि तीवर पांढरट-जांभळ्या रेघा पडतात. त्या रेघा पुढें पूर्णपणें जात नाहींत. चेहऱ्यावर लावल्यास शिरा दिसूं लागतात, पुटकुळ्या येतात. पापण्यांवर वारंवार लावल्यास डोळ्यांतील दाब वाढून दृष्टीस धोका पोंचूं शकतो. लहान मुलांच्या अंगांत औषध अधिक प्रमाणांत भिनून त्यांची वाढहि खुंटूं शकते.

दुसरें संकट याहून व्यापक आहे. टर्बिनाफिनला दाद न देणारी एक बुरशी आपल्या देशांत फैलावली असून, २०२० सालीं तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हें नांव मिळालें. अशा मलमांच्या बेसुमार वापरानें तिच्या फैलावास हातभार लागला असावा, असें तज्ज्ञांचें मत आहे. सरकारनें मार्च २०१८ मध्यें १४ स्टेरॉइडांचीं बाह्योपचाराचीं मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकतां येऊं नयेत असा नियम केला. परंतु नियम कागदावर राहूं द्यावयाचा कीं घरांत आणावयाचा, हें शेवटीं ग्राहकाच्याच हातीं आहे.

मग मिश्र मलम केव्हांच वापरूं नये काय? दाह फार असेल तर डॉक्टर तें थोडे दिवस देतात व नंतर निव्वळ बुरशीनाशक मलमावर आणतात. अमेरिकेंत क्लोट्रिमॅझोल व बेटामेथासोन यांच्या मिश्र मलमास जांघेंत दोन आठवडे, पायावर चार आठवडे आणि आठवड्यास ४५ ग्रॅम, अशी मर्यादा घातलेली आहे. १७ वर्षांखालील मुलांस तें देऊं नये आणि लंगोटाखालीं अथवा घट्ट पट्टीखालीं लावूं नये, असाहि इशारा आहे. ही कमाल मर्यादा समजावी.

घरांतील नियम थोडेच आहेत. नळी घेतांना घटक वाचावे. ‘सोन’ किंवा ‘सोल’ या अक्षरांनीं संपणारें नांव दिसल्यास तें स्टेरॉइड आहे काय, हें विचारावें. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत पिळलेली रेघ सुमारें अर्धा ग्रॅम भरते व दोन तळव्यांएवढ्या जागेस पुरते. निव्वळ बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटें लावावें, आणि खाज थांबली तरी डॉक्टरांनीं सांगितलेली मुदत पुरी करावी. पंचे व आंतले कपडे वेगळे ठेवावे, ऊन पाण्यांत धुऊन उन्हांत वाळवावे. घरांत दुसऱ्या कोणास खाज असल्यास सर्वांचा उपचार एकाच वेळीं व्हावा. नाहींतर रोग घरांतल्या घरांत फिरत राहतो. ज्यांनीं मिश्र मलम अनेक महिने लावलें आहे, त्यांनीं ती नळी घेऊनच डॉक्टरांकडे जावें. एकाएकीं बंद केल्यास चट्टे भडकतात.

सर्वांत महत्त्वाचें म्हणजे निदान. चट्ट्याची खरवड पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणांत घालून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली कीं बुरशीचे तंतु दिसतात. ही तपासणी स्वस्त व झटपट होणारी आहे. जानेवारी २०२५ मध्यें शेगांव तालुक्यांतील बोंडगांव, कालवड, हिंगणा इत्यादि गांवांत लोकांचे केस झपाट्यानें गळूं लागले, तेव्हां आरंभीं संशय बुरशीवर व पाण्यावर गेला होता. पुढें डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं रुग्णांच्या रक्तांत व केसांत सेलेनियम फार अधिक आढळल्याचें जाहीर केलें. बुरशी समजून कोणीं मलमें चोळीत बसला असता, तर त्याच्या हातीं काय लागलें असतें? त्वचेवर दिसणारी खूण एक असते, तिचीं कारणें अनेक असतात.

म्हणून आज घरीं औषधांचा डबा उघडून त्यांतील मलमांच्या नळ्या एकदां वाचून पाहाव्या. जिच्यांतील घटक आपणांस कळत नाहींत, ती विचारल्यावांचून कोणाच्याहि अंगास लावूं नये. मुलांच्या तर मुळींच नाहीं.