बालकर्करोग : कोणती तपासणी, आणि का?

तीन-चार वर्षांच्या मुलाला न्हाऊ घालताना पोटाच्या एका बाजूस टणक गाठ हाताला लागावी आणि मूल मात्र हसतेखेळते असावे, असे मूत्रपिंडाच्या ‘विल्म्स ट्यूमर’ या कर्करोगात पुष्कळदा घडते. धास्तावलेले पालक अशा वेळी सर्वांत महागड्या स्कॅनचा आग्रह धरतात. तज्ज्ञ बहुधा प्रथम साधी सोनोग्राफीच करावयास सांगतात, ते काटकसर म्हणून नव्हे.

सोनोग्राफीत ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून चित्र उमटते. किरणोत्सर्ग नाही, भूल नाही. मूल आईच्या मांडीवर असले तरी चालते. गाठ मूत्रपिंडातूनच वाढली आहे की शेजारून, घन आहे की पाण्याने भरलेली, याचा उलगडा बव्हंशी तेथेच होतो. शिवाय ही गाठ कधीकधी मूत्रपिंडाच्या शिरेतून हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेत शिरते. रक्तप्रवाह दाखविणाऱ्या डॉप्लर तपासणीत ते दिसते आणि शल्यविशारदास ते आधी ठाऊक असणे अत्यावश्यक असते.

हा रोग फुप्फुसांत पसरण्याचा संभव अधिक. तेथील काही मिलिमीटरचे ठिपके टिपण्यात सीटी स्कॅनचा हात धरणारी दुसरी तपासणी नाही. परंतु सीटीत क्ष-किरणांची मात्रा साध्या छायाचित्राच्या कितीतरी पट असते आणि मुलाच्या पुढे सारे आयुष्य पडलेले असते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासाच्या अंदाजानुसार, दहा वर्षांखालील मुलांच्या डोक्याच्या दर दहा हजार स्कॅनमागे पुढील दशकात रक्तकर्करोगाचा एक आणि मेंदूतील गाठीचा एक रुग्ण वाढतो. धोका अल्प आहे. समोर कर्करोग असताना त्यापायी आवश्यक सीटी नाकारणे शहाणपणाचे नव्हे. अनावश्यक सीटी टाळणे मात्र निश्चितच शहाणपणाचे.

डोळ्याच्या ‘रेटिनोब्लास्टोमा’त हा विचार अधिकच काटेकोर होतो. फ्लॅश टाकून काढलेल्या छायाचित्रात बाहुली पांढरी चमकणे ही त्याची खूण. त्याच्या आनुवंशिक प्रकारात शरीरातील पेशी मुळातच किरणोत्सर्गाला हळव्या असतात. म्हणून तेथे सीटीऐवजी एमआरआय निवडतात. एमआरआयमध्ये चुंबकीय क्षेत्र व रेडिओलहरी वापरतात, क्ष-किरण नाहीत. अडचण एकच : यंत्राच्या खडखडाटात बराच वेळ निश्चल पडून राहणे लहानग्यांना जमत नाही आणि बहुधा भूल द्यावी लागते. त्यासाठी उपाशी ठेवलेले मूल सांभाळणे ही पालकांची खरी कसोटी!

या तपासण्या गाठीचे आकारमान सांगतात; ती जिवंत आहे काय, हे पेट स्कॅन सांगतो. किंचित किरणोत्सारी केलेली साखर शिरेतून दिली जाते व कर्कपेशी ती अधाशीपणे शोषून घेतात. ‘हॉजकिन लिम्फोमा’त उपचारांनंतरही छातीत गाठीचा अवशेष दिसत राहतो. तो नुसता व्रण आहे की उरलेला रोग, हे सीटीवरून ठरविणे कठीण. युरोपात २००७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या चाचणीत औषधांच्या दोन फेऱ्यांनंतर ज्यांचा प्रतिसाद पुरेसा ठरला, त्या मुलांना किरणोपचार दिलेच नाहीत. पाच वर्षांनंतर त्यांतील सुमारे ९० टक्के मुलांत रोग उलटलेला नव्हता. छातीवरील किरणोपचारांमुळे पुढील वयात हृदयविकार, तसेच मुलींमध्ये स्तनाचा कर्करोग संभवतो, हे ध्यानी घेता ही बचत मोठीच. अर्थात क्षयाच्या गाठीही पेट स्कॅनमध्ये उजळतात. आपल्याकडे क्षय विपुल, तेव्हा शंका आल्यास गाठीचा तुकडा काढून तपासणे अटळ ठरते.

उपचार चालू असताना प्रत्येक नवी प्रतिमा जुन्या प्रतिमेशी ताडून पाहिली जाते. मुंबई-दिल्लीसारख्या दूरच्या रुग्णालयात जाताना पालक केवळ अहवालाचा कागद नेतात आणि मग तोच स्कॅन कित्येकदा पुन्हा करावा लागतो : खर्चही दुप्पट, किरणेही दुप्पट. म्हणून पहिल्या दिवसापासूनच्या सर्व फिल्म्स व सीडी तारखेनुसार लावून प्रत्येक भेटीस बरोबर न्याव्यात.